फेरफार, वारसनोंद आणि एक बेवारस रिसेप्टर

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की पेशींवरच्या काही रिसेप्टरांचा, म्हणजे बाहेरचे निरोप घेणाऱ्या प्रथिनांचा, निरोप्या अजून सापडलेला नाही, म्हणून त्यांना 'ऑर्फन' म्हणजे अनाथ म्हणतात. सहज लिहिलेली ओळ, पण तिच्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. या वेळची सगळी पानं त्यांनाच देते. मधुमेहींनी आंबा खावा का, हा प्रश्न पुढच्या अंकात. तोवर हापूसही येईल.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट 'हर-टू थ्री प्लस' असा आला. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध चालू आहे. तुमचं सदर वाचून मुलाने शोधलं, तर हे हर-टूसुद्धा ऑर्फन रिसेप्टर आहे म्हणे. ज्या कुलपाला किल्लीच नाही ते उघडतं कसं? आणि किल्ली नाही हे कोणी, कशावरून ठरवलं? मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. कागद पाहिल्याशिवाय नोंद घ्यायची सवय नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही तलाठी होतात हे फार बरं झालं. गाव नमुना सहामधल्या फेरफाराला इंग्रजी कागदावर 'म्युटेशन' म्हणतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! आमच्याकडेही शब्द तोच. पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्याचं 'उत्परिवर्तन' केलं आणि मुलं घाबरली. मी इथे फेरफारच म्हणणार आहे.

आधी रिसेप्टर कसा असतो ते पाहू. पेशीच्या पातळ आवरणातून आरपार गेलेलं एक लांबलचक प्रथिन अशी कल्पना करा. बराचसा भाग बाहेर, मधला लहानसा तुकडा आवरणात रुतलेला आणि उरलेला भाग पेशीच्या आत. हर-टूच्या घराण्यात चार भावंडं आहेत. बाकीच्यांच्या बाहेरच्या भागाला निरोप आणणारा रेणू चिकटला की दोन रिसेप्टर एकमेकांजवळ सरकतात, जोडी जमते आणि आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेटचे शिक्के मारतात. ते शिक्के पाहून पेशी वाढायला आणि दुभंगायला लागते. शिक्का मारणाऱ्या आतल्या भागाला कायनेज म्हणतात.

आता कागदपत्रं. पहिला कागद १९८२ चा, आणि त्याला मुंबईचा वास आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाईनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा लक्ष्मीचरण पाढी काम करत होते, आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. गाभण उंदरिणींना एक रसायन टोचलं की त्यांच्या पिल्लांना पुढे मज्जासंस्थेच्या गाठी होतात. अशा गाठींमधला डीएनए निरोगी पेशींत घातला, तर त्याही बेफाम वाढू लागत. ज्या उंदरांना त्या पेशी टोचल्या त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) एक प्रथिन पकडून दिलं, रेणुभार सुमारे १,८५,०००. जनुकाला नाव पडलं 'न्यू', न्यूरोब्लास्टोमावरून. दोन वर्षांत कळलं की हे एका ओळखीच्या रिसेप्टरचं भावंड आहे, आणि १९८५ मध्ये माणसातलं तेच जनुक हाती लागलं. त्यालाच आपण हर-टू म्हणतो.

दुसरा कागद १९८६ चा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात देखणा. त्याच प्रयोगशाळेतल्या कॉर्नेलिया बार्गमन यांनी निरोगी जनुक आणि गाठीतलं जनुक यांचे तुकडे अदलाबदल करून जोडले. थोडा निरोगी, थोडा गाठीतला, अशी कलमं बांधली. कोणतं कलम पेशी बिघडवतं ते पाहत जागा आवळत आणली. शेवटी सापडलं एक अक्षर. डीएनएच्या हजारो अक्षरांच्या दस्तात एका ठिकाणी 'टी'च्या जागी 'ए'. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी. या बदलामुळे तिच्यातली ६६४ क्रमांकाची कडी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्लाची झाली. वेगवेगळ्या चार गाठी तपासल्या, चारही ठिकाणी तेच अक्षर बदललेलं. चार गावांतल्या चार उताऱ्यांवर एकाच रकान्यात तीच खाडाखोड दिसली, तर तुम्हीसुद्धा योगायोग म्हणणार नाही.

आणि ही कडी होती कुठे? निरोप्या जिथे चिकटतो त्या बाहेरच्या भागात नव्हे, शिक्के मारणाऱ्या आतल्या भागातही नव्हे. आवरणात रुतलेल्या त्या लहानशा तुकड्यात! आवरण तेलकट असतं. तिथे व्हॅलीन सुखाने नांदतं. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं. तेलात त्याला करमत नाही, मग ते शेजारच्या रिसेप्टरमधलं आपल्यासारखंच ग्लुटामिक आम्ल गाठून त्याचा हात धरतं. झाली जोडी. निरोप नाही, निरोप्या नाही, आणि शिक्के मात्र पडायला लागले.

पुढे त्याच जागी दुसऱ्या कड्या बसवून पाहिल्या. ग्लुटामिकचं भावंड ग्लुटामीन बसवलं, तरी रिसेप्टर चालूच. पण तेच ग्लुटामिक आम्ल एक घर अलीकडे किंवा पलीकडे सरकवलं, तर काही नाही. रुतलेला तुकडा मळसूत्रासारखा पिळलेला असतो. एक घर सरकलं की तोंड दुसरीकडे वळतं आणि हाताला हात लागत नाही. आणि ६६४ चा फेरफार तसाच ठेवून कायनेजमधली इंधन धरणारी एक लायसीन कडी मोडली, तर सगळं थंड. एवढ्यावरून तीन गोष्टी सिद्ध झाल्या : जोडी जमणं हीच कळ आहे, जोडी एका ठरावीक बाजूनेच जमते, आणि पेशीला बिघडवतात ते आतले शिक्के. निरोप्या कोण हे माहीत नसताना हे सगळं कळलं, हे लक्षात घ्या.

वारस शोधायचे प्रयत्न अर्थातच झाले. १९९२ मध्ये दोन गटांनी एक रेणू पुढे आणला. तो पेशींवर टाकला की हर-टूवर शिक्के पडत. सगळ्यांना वाटलं, आला वारस. पण एक-दोन वर्षांतच हरकत निघाली. ज्या पेशींवर फक्त हर-टू आहे आणि भावंडं नाहीत, तिथे तो रेणू चिकटेना. तो प्रत्यक्षात हर-थ्री आणि हर-फोरचा निरोप्या होता. तो भावंडाला भेटायचा, आणि भावंडाचा हात धरून हर-टू चालू व्हायचा. वारसनोंद रद्द.

किल्ली नाही हे ठामपणे म्हणायला जोर आला २००३ मध्ये, हर-टूच्या बाहेरच्या भागाची त्रिमित रचना दिसली तेव्हा. भावंडांचा जोडी जमवणारा हात एरवी पोटाशी दुमडलेला असतो. निरोप्या आला की तो बाहेर पडतो. हर-टूचा हात कायमच बाहेर. आणि जिथे निरोप्या बसायचा तिथले दोन भाग एकमेकांना इतके चिकटलेले की मध्ये रेणू शिरायला फटच नाही. म्हणून 'अनाथ' हा शब्द मला हर-टूच्या बाबतीत पटत नाही. ज्याचे आईबाप सापडत नाहीत तो अनाथ. हा तर दार सताड उघडं टाकून कोणाच्याही जोडीला जायला बसलेला गडी आहे. हर-थ्रीशी त्याची विशेष गट्टी. हर-थ्रीचं स्वतःचं कायनेज जवळपास निकामी, पण निरोप घ्यायला तो तयार. हर-टूला निरोप घेता येत नाही, पण त्याचं कायनेज खणखणीत. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेलच.

आता तुमच्या घरच्या रिपोर्टाकडे येऊ. उंदरांत सापडला तो फेरफार तुमच्या पत्नीच्या गाठीत जवळजवळ नक्कीच नसणार. गंमत अशी की उंदरात त्या जागी व्हॅलीनचं ग्लुटामिक व्हायला एक अक्षर बदलावं लागतं. माणसात त्याच कडीसाठी वेगळी तीन अक्षरं आहेत, त्यामुळे दोन अक्षरं एकदम बदलावी लागतात. ते फार दुर्मिळ. माणसातली गाठ दुसरी वाट धरते : मजकूर तोच, पण त्या पानाच्या प्रतीच वाढतात. डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासून हे दाखवलं. पृष्ठभागावर हर-टूंची इतकी गर्दी होते की उघड्या हातांच्या जोड्या आपोआप जमतात. 'थ्री प्लस' म्हणजे ती गर्दी, रंग देऊन मोजलेली. 'टू प्लस' आला असता तर जनुकाच्या प्रती मोजायची पुढची चाचणी लागली असती.

चालू असलेलं औषध बहुधा ट्रॅस्टुझुमॅब असेल. ते हर-टूच्या बाहेरच्या भागाला, आवरणाच्या अगदी जवळ, चिकटतं. सोबत पर्टुझुमॅब असेल, तर ते त्या उघड्या हातालाच बसतं. दर काही महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची तपासणी, का करायला सांगतात, हेही फेरफाराच्या प्रयोगांतून थोडंफार कळलेलं आहे. १९९५ मध्ये हे जनुक पूर्ण काढून टाकलेली उंदराची पिल्लं तयार केली. ती दहा-अकराव्या दिवशी गर्भातच गेली, कारण हृदयाच्या आतल्या भिंतीवरच्या स्नायूंच्या घड्या तयारच झाल्या नव्हत्या. हृदयाच्या पेशींना हर-टू लागतो. तेव्हा इको चुकवू नका. तारखा तुम्ही दप्तरी नोंदवून ठेवताच असाल.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फेरफार 'हवा तिथेच' कसा करतात? आणि फेरफार केल्यावर रिसेप्टर गप्प झाला, तर तो भाग निरोप पोचवायला लागतो असा निष्कर्ष काढायचा का? – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने माझे १९९८ चे अडीच महिने डोळ्यांसमोर आले.

पहिल्याचं उत्तर सोपं. रिसेप्टरचं जनुक जिवाणूंतल्या प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत बसवलेलं असतं. ज्या जागी बदल हवा तिथला तीसेक अक्षरांचा तुकडा मागवायचा, मधलं एक अक्षर मुद्दाम चुकीचं घालून. बाकी अक्षरं जुळतात म्हणून तो जागेवर चिकटतो आणि नव्या प्रतींत ती चूक छापली जाते. जुना, मूळ डीएनए एका विकराने (एन्झाइमने) कापून टाकायचा. विकर जुना डीएनए ओळखतं त्याच्यावरच्या मेथिलच्या खुणांवरून, कारण तो जिवाणूंत वाढलेला असतो. उरलेलं ई. कोलाय या जिवाणूत घालायचं, दुसऱ्या दिवशी ताटलीवर ठिपके दिसतात, त्यातले चार उचलून अक्षरं वाचून घ्यायची. या विद्येचा पाया मायकेल स्मिथ यांनी १९७८ मध्ये घातला. १९९३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा अर्धा वाटा होता.

आता माझे अडीच महिने. मी एका रिसेप्टरच्या आतल्या वळणावरची कडी बदलली होती. पेशींत घातला, निरोप दिला, आत काही हालचाल नाही. पुन्हा केला, नाही. तिसऱ्यांदा केला, नाही. मी आलेख काढले, घरी श्रीखंड आणलं. आमच्या सरांनी एकच विचारलं, "तो दारात उभा आहे हे पाहिलंस का?" मी पाहिलं नव्हतं. प्रतिपिंड लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सगळं प्रथिन पेशीच्या आतल्या जाळीत अडकलेलं, नीट घडी न पडल्यामुळे. पृष्ठभागावर एकही नाही. माझा रिसेप्टर गप्प नव्हता, तो घरातून बाहेरच पडला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तुझ्या प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव : फेरफारानंतर काम बंद पडलं, तर आधी विचार की ते प्रथिन तयार झालं का, किती झालं, पृष्ठभागावर पोचलं का, निरोप्याला धरतं का. हे सगळं जमतं आणि तरीही आत निरोप जात नाही, तेव्हाच 'हा भाग निरोप पोचवतो' म्हणायचं. अजून एक. जनुक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घे, फक्त तुझ्या बदलाच्या आसपास नाही. कॉपी करणारं विकर दूर कुठेतरी दुसरी चूक करून ठेवतं आणि माणूस भलत्या अक्षराला दोष देतो.

पण खरं सांगू का, बंद पाडणाऱ्या फेरफारापेक्षा चालू करणारा फेरफार जास्त बोलका. यंत्र मोडायचे शंभर मार्ग असतात, आपोआप चालू व्हायचे मोजके. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने ॲड्रिनलिनच्या एका रिसेप्टरमधली २९३ क्रमांकाची ॲलनीन कडी घेतली आणि तिच्या जागी उरलेली १९ च्या १९ अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. दर वेळी रिसेप्टर कमीजास्त प्रमाणात आपोआप चालू! म्हणजे त्या जागी ॲलनीन काहीतरी 'करत' नव्हतं, ते रिसेप्टरला गप्प धरून ठेवत होतं. शांत बसणं हीसुद्धा बांधून ठेवलेली अवस्था असते, हे मला त्या निबंधाने शिकवलं. वाचला त्या रात्री झोप लागली नव्हती.

ऑर्फनवर काम करणाऱ्यांना याचा फार उपयोग. निरोप्या माहीत नाही, मग रिसेप्टर आत कोणाशी बोलतो ते कसं पाहणार? त्याच्या नातलगांत जी कडी बदलली की रिसेप्टर चालू होतो, तीच कडी ऑर्फनमध्ये बदलून पाहायची. चालू झालाच, तर पेशीत निरोप पुढे नेणारं कॅल्शियम वाढतं की सायक्लिक एएमपी वाढतं की घटतं, ते मोजायचं. कोणत्या वाटेने निरोप जातो ते कळलं की निरोप्या शोधताना नेमकी कोणती मोजणी लावायची तेही ठरतं. दरवेळी जमत नाही. नातलगांतली खोड सगळ्यांत उतरतेच असं नाही.

प्रश्न : हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींत. निसर्गाने स्वतः केलेल्या फेरफारातून ऑर्फनचं काम उलगडलं, असं एखादं उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे का? – एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आहे की! आणि आठवी-नववीच्या वर्गाला तर फारच लागू.

जीपीआर-५४ नावाचा एक ऑर्फन होता. २००१ मध्ये त्याचा निरोप्या सापडला. त्या निरोप्याचं जनुक १९९६ मध्येच माहीत झालं होतं, कर्करोग पसरू न देणारं म्हणून. अमेरिकेतल्या हर्शी गावात ते सापडलं. त्या गावची 'किस' नावाची चॉकलेटं प्रसिद्ध, म्हणून जनुकाचं नाव 'किस-वन' आणि निरोप्या 'किसपेप्टिन'. निरोप्या सापडला म्हणजे अनाथपण संपलं. पण या जोडगोळीचं शरीरात काम काय, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

मग २००३ मध्ये पॅरिस आणि बॉस्टनच्या गटांनी एकाच सुमाराला सांगितलं : काही घराण्यांत मुलं वयात येतच नाहीत. ना आवाज फुटत, ना पाळी येत. कारण जीपीआर-५४ मध्ये फेरफार. बॉस्टनच्या घराण्यात १४८ व्या जागी ल्यूसीनऐवजी सेरीन होतं. पुढे तो रिसेप्टर तपासला तर तो पृष्ठभागावर होता, किसपेप्टिनलाही व्यवस्थित धरत होता, पण आत ज्याला जागं करायचं त्या जी-प्रथिनाला जागं करत नव्हता. नांदेडच्या मुलीला मी वर जे चार प्रश्न विचारायला सांगितले, त्यांची उत्तरं इथे एका ओळीत मिळतात. पुढे २००८ मध्ये उलटंही सापडलं. एका मुलीत ३८६ व्या जागी आर्जिनीनऐवजी प्रोलीन होतं, रिसेप्टर चालू झाल्यावर लवकर शांत होत नव्हता, आणि ती फार लहान वयात वयात आली. एकाच दाराचे दोन फेरफार : एकात दार उघडतच नाही, दुसऱ्यात उघडलेलं लवकर मिटत नाही.

वर्गात सांगताना मुलांना चॉकलेटचं नाव आधी सांगू नका. पुढचं कोणी ऐकणार नाही.

वरच्या वर्गांसाठी जीपीआर-७५ घ्या. २०२१ मध्ये सहा लाख चाळीस हजारांहून जास्त माणसांचा जनुकीय मजकूर वाचला, तेव्हा दिसलं की ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत मोडलेली आहे त्यांचं वजन सरासरी ५.३ किलो कमी आहे. अशी माणसं दहा हजारांत चारच्या आसपास. एवढ्या थोड्या लोकांमुळे एका रिसेप्टरकडे औषध बनवणाऱ्यांच्या नजरा वळल्या.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीचा रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह आहे. हा फेरफार आमच्या मुलींमध्ये वारशाने उतरेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हर-टूच्या वाढलेल्या प्रती गाठीत तयार होतात, बहिणीच्या बाकीच्या शरीरात त्या नसतात. त्यामुळे त्या पुढच्या पिढीत जात नाहीत. वारशाने येणाऱ्या धोक्याची चौकशी वेगळ्या जनुकांची, मुख्यतः बीआरसीए-वन आणि टू यांची, करतात. घरात आणखी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे का, कोणत्या वयात झाला, ते आई-मावशीला विचारून लिहून काढा आणि बहिणीच्या डॉक्टरांना दाखवा. चाचणी लागेल की नाही ते ती यादी पाहूनच ठरेल.

मला रिपोर्टच्या झेरॉक्स मात्र पाठवू नका. मी डॉक्टर नाही. आणि मिरजेहून आलेल्या पाकिटात तर मूळ प्रतच निघाली, ती आजच पोस्टाने परत केली आहे.